हौस, दया आणि एक काटेरी पाहुणा

मुलाकडे टेक्सासला पोचले त्या रात्रीची गोष्ट. प्रवासानं अंग आंबलेलं, पण झोप काही येईना. बाराच्या सुमारास नातीच्या खोलीतून खर्र-खर्र आवाज यायला लागला. जुन्या शिलाई मशिनीचं चाक कुणी रिकामंच फिरवावं तसा. उठून बघितलं तर कोपऱ्यात एक मोठी पेटी, पेटीत चाक, आणि त्या चाकावर दोन मुठींएवढा एक काटेरी जीव जिवाच्या आकांतानं धावतोय. मी दिवा लावला मात्र, चाक थांबलं आणि त्या जिवाचा चेंडू झाला.

नात डोळे चोळत म्हणाली, "आजी, घाबरू नकोस. हेजहॉग आहे तो. मला वाढदिवसाला मिळाला."

"साळिंदर घरात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आमच्या बेळगावकडे काटे दिसले की साळिंदरच आठवतं. पण हा साळिंदर नव्हे, बायांनो. साळिंदर उंदराच्या जातीतलं, मुळं-कंद कुरतडणारं, कुत्र्याएवढं मोठं. त्याचे काटे लांब आणि सहज गळणारे. हेजहॉगचे काटे आखूड, अंगाला घट्ट. आपल्या पुस्तकी मराठीत त्याला 'जाहक' म्हणतात, हा संस्कृतातूनच आलेला शब्द. वडोदऱ्याच्या माझ्या नणंदेला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे आमच्याकडचा शेळो!" गुजरातीत त्याला शेळो म्हणतात. जाहक दिवसभर झोपतो, रात्री एकट्यानं हिंडतो आणि मुख्यतः किडे, अळ्या, गांडुळं खातो.

इथंच माझी पंचाईत झाली. मी सूर्यास्ताआधी जेवून मोकळी होणारी, आणि याचं ताट वाढायचं रात्री नऊला! बरं, ताटात काय? सुनेच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक डबी होती. उघडली तर आत कोंड्यात वळवळणाऱ्या अळ्या. पिठात होणाऱ्या भुंग्याच्या त्या अळ्या. जन्मभर आपण सुपात धान्य घेऊन पोरकिडे निवडत बसलो, एकेक किडा बोटावर घेऊन बाहेर सोडला, आणि आता नातीच्या घरात त्याच अळ्या पैसे देऊन आणलेल्या.

मी काही बोलले नाही. पाहुण्यानं पहिल्याच दिवशी बोलू नये. पण चार दिवसांनी नातीनं नवीन बेत सांगितला. तिला आणखी एक हेजहॉग हवा होता, मादी. पिल्लं झाली की ती विकायची, त्या पैशातून सायकल घ्यायची. मुलगा म्हणाला, "आई, तूच सांग तिला काय ते." मी म्हटलं, "मला या प्राण्याचं काही माहीत नाही. आधी वाचू, मग बोलू." लायब्ररीतून पुस्तकं आली. नात वाचायची, मला समजावून सांगायची. असे दोन महिने आम्ही आजी-नात या जाहकाच्या इतिहासात रमलो. त्यातलं तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

माणसाला जाहक पहिल्यांदा आवडला तो त्याच्या कातडीसाठी. रोमन लोक ती काटेरी कातडी लोकरीचं कापड विंचरायला वापरत. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की या कातड्यांच्या मक्तेदारीत इतकी फसवणूक चाले की रोमच्या सिनेटला त्यावर वरचेवर ठराव करावे लागले. त्याच प्लिनीनं आणखी एक गोष्ट सांगितली. जाहक पडलेल्या सफरचंदांवर लोळतो, ती काट्यांना टोचून घेतो आणि हिवाळ्यासाठी झाडाच्या ढोलीत नेतो, अशी. ही गोष्ट खोटी. जाहक असा साठा करतच नाही. पण ती युरोपात शेकडो वर्षं चालली, चित्रांत आली, मुलांच्या पुस्तकांत आली. न बघता ऐकीव सांगण्याची सवय फक्त आपल्याच आळीत आहे असं नाही.

इंग्लंडात दुसरी एक ऐकीव गोष्ट त्याच्या जिवावर उठली. रात्री गोठ्यात येऊन जाहक बसलेल्या गाईचं दूध पितो, असा शेतकऱ्यांचा समज होता. १५६६ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात धान्याच्या रक्षणासाठी म्हणून कायदा झाला. त्यात उपद्रवी प्राण्यांची यादी होती आणि प्रत्येकाच्या डोक्याचा भाव ठरलेला. जाहकाला दोन पेनी. पैसे कुणी द्यायचे? गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी. पुढे कितीतरी वर्षं चर्चच्या जमाखर्चाच्या वह्यांत मेणबत्त्यांच्या, दुरुस्तीच्या खर्चाशेजारी मेलेल्या जाहकांचा खर्च लिहिलेला सापडतो. देवळाच्या वहीत हत्येचा खर्च! नातीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी पुन्हा वाचायला लावलं. गाय खाली बसलेली असताना दूध पाझरतं, आणि तिच्या ऊबेला जमणारे किडे खायला जाहक जवळ येत असावा. त्यावरून एवढं सगळं.

मग शहरं वाढली, आणि हाच दुष्ट जाहक एकदम कामाचा ठरला. लंडनची स्वयंपाकघरं तेव्हा बहुधा तळघरात असत. रात्रंदिवस चूल पेटलेली, ऊब, ओल, सांडलेलं अन्न. झुरळं झाली नसती तरच नवल. लोक त्यांना काळे भुंगे म्हणत, पण होती ती झुरळंच. त्यांच्यावर उपाय म्हणून बाजारातून जाहक विकत आणायचा आणि रात्री स्वयंपाकघरात सोडायचा, अशी चाल पडली. हेन्री मेह्यू या पत्रकारानं लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८५१ पासून पुस्तकरूपानं निघाला. रस्त्यावर काय काय विकून लोक पोट भरतात त्याच्या नोंदींत हे जाहक विकणारेही आहेत. शेतांतून, कुंपणांखालून धरून आणायचे आणि शहरात विकायचे.

घरात जाहक पाळण्याची सुरुवात खरी ही अशी. प्रेमाची नव्हे, कामाची. केरसुणी आणावी तसा आणायचा. झुरळं खातो म्हणजे त्याचं पोट भरतं, असं मालक धरून चालायचे. पण झुरळं संपली की त्याला वेगळं खायला लागतं, प्यायला पाणी लागतं, हे किती जणांच्या लक्षात राहत असेल?

जाहकाला माया मिळाली ती एका बाईच्या पुस्तकातून. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर हिनं १९०५ साली 'मिसेस टिगी-विंकल' या जाहकीणबाईची गोष्ट लिहिली. ही टिगी-विंकल परटीण. डोंगरातल्या छोट्या घरात सगळ्या पशुपक्ष्यांचे कपडे धुते, इस्त्री करते. तिच्यामागे दोन खऱ्या व्यक्ती होत्या. एक स्कॉटलंडमधली किटी मॅकडोनल्ड नावाची म्हातारी परटीण. पॉटर कुटुंब उन्हाळ्यात तिकडे राहायला जाई तेव्हा ती त्यांचे कपडे धुवायची. दुसरी पॉटरबाईंनी पाळलेली जाहकीण. चित्र काढताना तिला उभं करून ठेवावं लागे. मांडीवर झोपू दिलं तर ती खूश असायची, पण अर्धा तास उभं ठेवलं की आधी केविलवाण्या जांभया द्यायची आणि मग चक्क चावायची, असं बाईंनीच पत्रात लिहिलंय. मला हे फार खरं वाटलं. पुस्तकात ती टोपी घालून इस्त्री करते, घरात मात्र ती जाहकच राहिली. तिला झोप हवी होती. पुस्तक वाचून लाखो मुलांना जाहक गोड वाटू लागला. तिच्या जांभया मात्र मुलांपर्यंत पोचल्या नाहीत.

आता त्याच देशातल्या दोन गोष्टी सांगते. दोन्हींत दया आहे, पण दोन्ही सारख्या नाहीत.

पहिली अशी. इंग्लंडात गुरं रस्त्यानं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यातच खड्डा खणून त्यावर लोखंडी दांड्या आडव्या टाकतात. गाडी जाते, गुरांचा पाय धजावत नाही. श्रॉपशर परगण्यात मेजर अ‍ॅड्रियन कोल्स यांना अशा खड्ड्यात पडलेला एक जाहक दिसला. वर चढता येत नव्हतं, तो तिथंच उपाशी मेला असता. मेजरसाहेबांनी त्याला काढलं. पण घरी नेऊन पेटीत नाही ठेवलं. परगण्याच्या कौन्सिलात ते सभासद होते. अशा प्रत्येक खड्ड्यात एक उतरती पट्टी बसवा, म्हणजे पडलेला प्राणी आपला आपण वर येईल, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातूनच १९८२ साली ब्रिटनची जाहक संरक्षण संस्था उभी राहिली. एक उतरती पट्टी, एवढीच युक्ती. पण ती केली तेव्हा जाहकाला काय लागतं ते बघितलं होतं. आपल्याला काय हवं, ते नाही.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या साउथ युइस्ट बेटावरची. समुद्राकाठी सपाट गवताळ जमीन, तिथं टिटव्या, तुतवार आणि किनाऱ्यावरचे कितीतरी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. बेटावर जाहक कधी नव्हता. १९७४ साली कुणीतरी बागेतल्या गोगलगायी खाव्यात म्हणून मुख्य भूमीवरून चार जाहक आणून सोडले. फक्त चार. त्यांना खाणारं तिथं कुणी नाही, अन्न मुबलक. तीस वर्षांत ते हजारोंच्या घरात गेले आणि शेजारच्या बेटांवरही पसरले. गोगलगायींबरोबर पक्ष्यांची अंडीही त्यांनी खाल्ली. पक्षी झपाट्यानं कमी झाले. शेवटी २००३ साली सरकारच्या निसर्गसंस्थेनं जाहक पकडून इंजेक्शन देऊन मारायला सुरुवात केली. प्राणिमित्र खवळले. बेटावर येऊन त्यांनी जिवंत जाहक आणून देणाऱ्याला पैसे द्यायला सुरुवात केली आणि ते मुख्य भूमीवर नेऊन सोडले. म्हणजे १५६६ साली मेलेल्या जाहकाला बक्षीस, आणि साडेचारशे वर्षांनी जिवंत जाहकाला बक्षीस! २००७ मध्ये सरकारनंही मारणं थांबवलं आणि पकडून दुसरीकडे नेण्याचा मार्ग धरला.

मी नातीला विचारलं, "यात चूक कुणाची? अंडी खाणाऱ्या जाहकाची, की मारणाऱ्या सरकारची?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ज्यानं चार आणले त्याची. पण आजी, त्याला कुठं माहीत होतं?"

तेच तर. चार आणले तेव्हा कुणाचं वाईट करायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण एकदा आणल्यावर पुढे जे करावं त्यात कुणाचा तरी जीव जाणार होता. पक्ष्याचा, नाहीतर जाहकाचा.

आता नातीच्या पेटीतल्या जाहकाकडे येऊ. तो इंग्लंडचा नव्हे, आफ्रिकेचा. पांढऱ्या पोटाचा लहान जाहक, पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलपासून पूर्वेकडच्या गवताळ मुलखापर्यंत राहणारा. १९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुरुवातीला तो अमेरिकेत आणला गेला, बरेचसे नायजेरियातून. नवीन प्राण्याची हौस उसळली, भाव वाढले, घरोघर वीण सुरू झाली. तेवढ्यात सरकारनं आफ्रिकेतून जाहक आणण्यावर बंदी घातली. गुरांना होणारा लाळ्या-खुरकूत रोग त्यांच्याबरोबर येईल ही भीती. म्हणजे आज अमेरिकेत घरोघर असलेले जाहक हे आधी आलेल्या त्या मोजक्या प्राण्यांचेच वंशज. नवं रक्त जवळजवळ नाही.

याचा परिणाम काय होतो हे आपल्याला सांगायला नको. सोयरीक ठरवताना आपल्याकडे गोत्र बघतात, नातं किती जवळचं ते मोजतात. इथं कुणी मोजलं नाही. या जाहकांत एक आजार आहे. ऐन तारुण्यात, बहुधा दोन-तीन वर्षांच्या आत, मागचे पाय डगमगू लागतात. मग चालता येत नाही, मग खाता येत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांवरचं आवरण झिजत जातं. उपाय नाही. उत्तर अमेरिकेतल्या पाळीव जाहकांत सुमारे दहा टक्क्यांना तो होतो असं पशुवैद्य सांगतात, आणि तो घराण्यातून येतो असा संशय आहे. म्हणून जाणती माणसं जाहकांच्या वंशावळी लिहून ठेवतात. आजी कोण, पणजी कोण, कशानं गेली. ज्याची वंशावळ माहीत नाही त्याची वीण करू नये, हा त्यांचा पहिला नियम. नातीच्या जाहकाची वंशावळ? दुकानाची पावती तेवढी होती.

विणीचंही आम्ही वाचलं. पस्तीस दिवसांच्या आसपास गर्भ राहतो, तीन-चार पिल्लं होतात. काटे जन्मतःच असतात, पण आईला टोचू नयेत म्हणून सुजलेल्या कातडीखाली झाकलेले. काही तासांत ते वर येतात. निसर्गानं बाळंतिणीची एवढी काळजी घेतली. माणसानं काय करायचं? काहीच नाही. बाळंतिणीच्या पेटीला पहिले आठ-दहा दिवस हातही लावायचा नाही. आवाज झाला, उजेड पडला, परका वास आला तर घाबरलेली आई पिल्लांना टाकून देते, कधी खातेसुद्धा. नराला आधीच वेगळं करायचं, तोही पिल्लं खातो. दीड महिन्यात पिल्लं दुधावरून सुटली की आठव्या आठवड्याच्या आत नर-मादी वेगळी करायची, कारण भाऊबहीण त्यांना कळत नाही. खोली कायम उबदार हवी. थंडी पडली तर तो थंडीच्या झोपेत जाऊ बघतो आणि या आफ्रिकेच्या जिवाला ती झोप मानवत नाही, त्यातच मरतो. आणि प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र पेटी, कारण हा जन्माचा एकटा राहणारा. नातीनं हिशेब मांडला. चार पिल्लं, चार पेट्या, चार चाकं, चार दिवे. सायकल कुठल्या कुठे राहिली.

या सगळ्यात माझी परीक्षा व्हायची होती ती झालीच. मुलगा, सून, नात दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेले. जाहक माझ्या हवाली. रात्री नऊ वाजता फ्रिज उघडला आणि ती डबी हातात घेऊन उभी राहिले. हात काही पुढे जाईना. शेवटी अळ्या ठेवून दिल्या आणि पाकिटातला कोरडा खुराक वाटीत घातला. त्यानं तो कुडुम-कुडुम खाल्ला. मला बरं वाटलं, सुटले म्हणून. सकाळी चष्मा लावून पाकीट वाचलं. पहिलंच नाव कोंबडीचं. अळी डोळ्यांना दिसत होती आणि कोंबडी दिसत नव्हती, एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी सामायिकाला बसले, पण मन त्यातच. अहिंसाव्रताचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पेटीत ठेवलं की पहिला झाला. त्याचं अन्न अडवलं की पाचवा होतो. आणि त्याचं अन्न दिलं तर दुसरे जीव जातात. कुठूनही सुटका नाही. दुसऱ्या जिवांवर जगणारी मांजरासारखी जनावरं हौसेनं बाळगू नयेत, असं आपल्या श्रावकाचारात सांगितलंय. लहानपणी मला ते कठोर वाटायचं. मांजराचा काय दोष? आता कळलं, दोष मांजराला दिलेलाच नाही. ते आपल्याला सांगितलंय. गाठ बसते ती दारातून आत आणताना. नंतर ती सुटत नाही, युइस्टच्या बेटावर नाही आणि माझ्या नातीच्या खोलीतही नाही.

मी नातीला "नको" म्हटलं नाही. तिनंच सांगितलं, "आजी, मादी नको आणायला." पण आहे त्याचं काय? तो तर आलेला होता. त्याला बाहेर सोडणं म्हणजे मारणंच. तेव्हा तो जगेल तोवर त्याचं नीट करायचं असं ठरलं. चांगला सांभाळला तर चार-सहा वर्षं जगतो. अळ्यांची डबी मी असेपर्यंत सुनेनं वेगळ्या छोट्या फ्रिजात ठेवली. मीही नाक मुरडलं नाही. त्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे हा नियम मात्र मी घरात कडक केला. २०१९ साली अमेरिकेत अनेक राज्यांत लोकांना पाळीव जाहकांपासून साल्मोनेलाचा आजार झाला होता. त्याला पाप्या द्यायच्या नाहीत, स्वयंपाकघरात आणायचं नाही, हे तिथलं आरोग्यखातंच सांगतं.

मी परत आल्यावर वर्षभरात मुलाची बदली कॅलिफोर्नियाला झाली. आणि कॅलिफोर्नियात जाहक पाळायलाच बंदी! तिथं थंडी बेताची, बाहेर सुटले तर जगतील, वाढतील ही धास्ती. हवाई, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया या राज्यांतही ते पाळता येत नाहीत. नातीनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी ओळखीतल्या एका बाईंनी त्याला ठेवून घेतलं. त्यांच्याकडे आधीचा एक होता, दोघांच्या पेट्या वेगळ्या. फोनवर नात म्हणाली, "आजी, तो मला शोधत असेल का?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "बाळ, तो तुझा वास काही दिवस शोधेल. मग चाकावर धावेल."

आपल्याकडेही जाहक आहेत बरं का. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या मुलखात दोन जातींचे, आणि दक्षिणेत उघड्या पोटाचा मद्रासी जाहक. ते पाळायची गोष्टच नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत जाहकाचं नाव आहे. पण तमिळनाडूच्या दक्षिण भागात मुलांच्या खोकल्यावर औषध म्हणून त्याचे काटे जाळून देण्याची चाल आहे. रोममध्ये कापडासाठी, लंडनमध्ये झुरळांसाठी, इथं खोकल्यासाठी. तमिळनाडूतल्या त्या आईची मुलावरची माया खोटी नाही. फक्त त्या काट्यांत औषध नाही.

परवा महिला मंडळात एका भगिनीनं विचारलं, मुलगा हट्ट धरतोय, ससा आणू की कासव? मी एवढंच म्हटलं, आणण्याआधी महिनाभर दोघं मिळून त्याच्याबद्दल वाचा. तो रात्री जागतो की दिवसा, एकटा राहतो की कळपात, काय खातो, किती वर्षं जगतो, आणि तुमची बदली झाली तर त्याचं काय. एवढं वाचून झाल्यावरही आणावासा वाटला, तर मग मला विचारा.